थांबू शकणाऱ्याचा कापूस

२०२५ सालचा पोळा २२ ऑगस्टला आला. त्याच्या तीन दिवस आधी, १९ तारखेपासून, केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढून टाकलं. सूट ३० सप्टेंबरपर्यंतच होती, म्हणून आमच्याकडच्या कास्तकारांनी फार मनावर घेतलं नाही. पहिला वेचा दसऱ्याच्या आगेमागे निघतो आणि दसरा होता २ ऑक्टोबरला. मग २७ ऑगस्टला, गणपती घरी आणायच्या दिवशी, अमेरिकेतलं भारतीय मालावरचं जादा शुल्क पंचवीस टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर गेलं. दुसऱ्याच दिवशी दिल्लीने कापसाची सूट ३१ डिसेंबरपर्यंत लांबवली. आता सीतादहीपासून, म्हणजे पहिल्या वेच्याच्या पूजेपासून, पुढचा जवळजवळ सगळा हंगाम त्या सुटीत सापडला.

अमेरिकेने तिरुपूरच्या टी-शर्टवर कर लावला आणि त्याचा एक हप्ता पांढरकवड्याच्या कास्तकाराने भरला. तो कसा, हे सांगायचं आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, कापूस एकाधिकार खरेदीच्या काळातला ग्रेडर. बंडीतला कापूस मुठीत घ्यायचा, दोन अंगठ्यांत ओढून धाग्याची लांबी बघायची, सरकी दाताखाली फोडून ओल जोखायची आणि चिठ्ठीवर प्रत लिहायची, हे माझं काम. त्या चिठ्ठीवर माणसाचा चुकारा ठरायचा, पोरीचं लग्न ठरायचं, कधी मोडायचंही. भाव मात्र माझ्या हातात नव्हता. तो मुंबईत ठरतो असं आम्ही समजायचो. मुंबईवाले समजायचे की तो न्यूयॉर्कला ठरतो. मुंबईवाल्यांचं जास्त बरोबर होतं.

न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापूस सेंट प्रति पाऊंड असा बोलला जातो. २०२५च्या ऑगस्टात तो पासष्ट ते सत्तर सेंटच्या दरम्यान होता. पाऊंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम आणि डॉलर सत्त्याऐंशी रुपये धरला, तर रुईचा भाव किलोला १२५ ते १३५ रुपये पडतो. आपल्याकडे रुईचा सौदा खंडीत होतो, ३५६ किलोच्या. म्हणजे न्यूयॉर्कच्या हिशोबाने खंडी ४४ ते ४८ हजारांची. त्याच वेळी देशातली रुई खंडीला पंचावन्न हजारांच्या आसपास होती. जहाजभाडं, विमा धरला तरी बाहेरचा माल स्वस्त पडत होता. मधे उभं होतं ते फक्त हे अकरा टक्के शुल्क.

आता ते काढल्यावर काय होतं? एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला की चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, उरलेली सरकी, थोडी तूट. समजा, खंडी पाच हजारांनी उतरली. म्हणजे रुईच्या किलोमागे चौदा रुपये गेले. चौतीस किलोंचे झाले पावणेपाचशे. जिनिंगवाला ते स्वतःच्या खिशातून देत नाही, तो कापसाच्या भावातून कापतो. एकरी पाच क्विंटल पिकवणाऱ्याचे एकरामागे दोन हजारांहून जास्त गेले. यासाठी जहाज बंदराला लागावंही लागत नाही. गिरणीवाल्याने 'मी बाहेरून आणू शकतो' एवढं म्हटलं की पुरतं. सूट जाहीर झाल्यावर भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, आपल्या गोदामातल्या गाठींचे विक्रीदर लगेच खाली आणले होते.

मी कास्तकाराच्या बाजूचा माणूस आहे. तरी गिरणीवाल्यांचं म्हणणं खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. सुती टी-शर्टवर अमेरिकेत पूर्वीपासूनच साडेसोळा टक्के शुल्क होतं. त्यावर पन्नास बसले, झाले साडेसहासष्ट. बांगलादेशाच्या मालावर वरचे वीसच. भारताच्या कापड आणि तयार कपड्यांच्या निर्यातीतला चौथ्या हिश्शाहून जास्त माल अमेरिकेत जातो. तिकडच्या दुकानदाराने सांगितलं की भाव पाडा, नाहीतर आम्ही ढाक्याला चाललो, तर तिरुपूरच्या कारखानदाराने काय करायचं? तो आधी ओव्हरटाइम बंद करतो, मग पाळी कमी करतो, मग नव्या पोरी घेणं थांबवतो. शिलाई मशीनवर बसणाऱ्यांत बहुतेक बायाच असतात, आणि त्यातल्या कित्येक अशाच कोरडवाहू गावांतून गेलेल्या. शिवाय बांगलादेशाला जगभरचा कापूस बिनशुल्क मिळतो आणि आपल्या कारखानदाराला अकरा टक्के चढा, हेही खरंच. सरकारने त्यांना हात दिला, यात माझी तक्रार नाही. हात कुणाच्या खिशात घालून दिला, ही आहे. सरकारी तिजोरीतून व्याजाची सवलत देता आली असती, पगाराला मदत देता आली असती. शुल्क काढणं सोपं पडलं, कारण त्याचं बिल कुणाच्या नावाने फाटत नाही.

कुणी म्हणेल, हमीभाव होता ना? होता. २८ मे २०२५ला जाहीर झाला: मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. चांगला भाव. खासगी बाजार त्याच्या खाली राहिला आणि सीसीआयने खरेदी केली, हेही खरं. पण सीसीआयच्या काट्यापर्यंत कोण पोचतं ते बघा. मोबाइलवर 'कपास किसान' ॲपमध्ये नोंदणी हवी, सातबाऱ्यावर पेरा हवा, ओल आठ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, बारावर माल परत. मग आपला नंबर लागायची वाट. ज्याने दुसऱ्याचं वावर मक्त्याने केलं आहे, त्याचं नाव सातबाऱ्यावर नाही. ज्याने कृषी सेवा केंद्रातून खत-औषध उधारीवर आणलं आहे, त्याला दिवाळीआधी पैसे फेडायचे आहेत. ओला कापूस वाळवून ठेवायला ज्याच्याकडे पत्र्याची एक खोली नाही, त्याचा कापूस झोपायच्या जागेत भरलेला असतो, आणि आठ-पंधरा दिवसांत लेकरांच्या अंगाला खाज सुटते. हा माणूस दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला माल देऊन मोकळा होतो. त्याला हमीभावाचा आकडा पाठ असतो, मिळत मात्र नाही.

भावाचा फायदा-तोटा कुणाच्या वाट्याला जातो, हे कापूस किती पिकवला त्यावर ठरत नाही. किती दिवस थांबता येतं त्यावर ठरतं. ही गोष्ट मी खरेदी केंद्रावर बसून शिकलो आणि आजपर्यंत कुठल्या अर्थतज्ज्ञाने ती माझ्या डोक्यातून काढलेली नाही.

२०२२चा हंगाम आठवा. हमीभाव मध्यम धाग्याला ५,७२६ आणि लांब धाग्याला ६,०२५ होता. बाजार चढत चढत बारा हजारांच्या वर गेला, खंडीने लाखाचा आकडा ओलांडला. वर्तमानपत्रांत पांढऱ्या सोन्याच्या बातम्या आल्या. पण तो भाव एप्रिल-मेचा होता. लहान कास्तकाराच्या घरात तोवर वातीपुरताही कापूस उरलेला नव्हता. त्याने दिवाळी ते संक्रांत या काळात विकून टाकला होता. मोठी मलई ज्याला मिळाली त्याच्याकडे जिनिंगचं आवार होतं, बँकेची पत होती किंवा दुसरं उत्पन्न होतं. आणि एप्रिलच्या मध्यावर सरकारने काय केलं? हेच अकरा टक्के शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग वाढवून ऑक्टोबरअखेरपर्यंत. भाव पडतो तेव्हा तो जगाचा नियम असतो, चढतो तेव्हा त्याला आवरायला अधिसूचना निघते. २०१२च्या मार्चमध्ये तर निर्यातच एका फटक्यात बंद केली होती. देशाचे कृषिमंत्री तेव्हा शरद पवार. त्यांनी जाहीर नाराजी दाखवली आणि काही दिवसांत बंदी मागे घ्यावी लागली. प्रत्येक वेळी कृषिमंत्री महाराष्ट्राचा असेलच असं नाही.

एकाधिकाराच्या काळात आम्ही उलटं करून पाहिलं होतं. १९७२पासून राज्यात कापूस घ्यायचा तो सरकारी यंत्रणेनेच. बाहेर मंदी असली की सगळा महाराष्ट्र आमच्या केंद्रावर. बाहेर तेजी आली की रातोरात कापूस पैनगंगेपलीकडे आदिलाबादला. म्हणजे महाग माल आमच्या गळ्यात आणि स्वस्तात मिळण्यासारखा माल दुसऱ्याच्या दारात. हजारो कोटींचा तोटा होऊन योजना गुंडाळली गेली. तेव्हा बाजाराला दार बंद करून कास्तकार वाचेल, असं मला वाटत नाही. चुकारे मिळायला महिनोन्महिने लागायचे ते मी पाहिलं आहे.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात नावाने ओळखला जाई. भाव कित्येक पटींनी चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, बँका आणि समुद्र बुजवायच्या कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. १८६५च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं आणि त्या पावसाळ्यापर्यंत सगळं कोसळलं. कापसाचा मोठा दलाल प्रेमचंद रायचंद बुडाला, तरी नंतर सावरला; आईच्या नावाच्या राजाबाई टॉवरसाठी देणगी त्याने तेजीतच दिली होती. वऱ्हाडात तोवर रेल्वे पोचत होती, ज्वारीची वावरं कापसाखाली जात होती, सावकाराची खाती लांबत होती. १८९६-९७ आणि मग १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांत ज्वारीचा भाव भडकला तेव्हा ती विकत घ्यायला हातात पैसा नसलेली माणसं कापसाच्या मुलखात मेली. त्यातच १८९६मध्ये लँकेशायरच्या हट्टापायी हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. तो हटायला १९२५ उजाडावं लागलं. दूरच्या देशातल्या गिरणीमालकाची सोय आणि आपल्याकडचं शुल्क यांचं नातं इतकं जुनं आहे.

नागपूरला जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जिथे पिकतो तिथेच सूत काता, हा त्यातला विचार होता आणि तो शंभर टक्के बरोबर होता. २००२मध्ये ती गिरणी बंद पडली. त्या जागेवर आज मॉल आहे, आणि तिथे मिळणारा शर्ट कुठे शिवला हे लेबल वाचल्याशिवाय कळत नाही. विदर्भाने कच्ची रुई बाहेर पाठवायची आणि तयार कपडा विकत घ्यायचा, हे लिव्हरपूलच्या काळापासून बदललं नाही. फक्त लिव्हरपूलच्या जागी कोइमतूर, तिरुपूर, ढाका आले. अमरावतीच्या पीएम मित्र पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ला वर्ध्याहून झाली. तिथे सूत, कापड, शिलाई एकाच आवारात होणार म्हणतात. झालं तर मी पेढे वाटीन.

अर्थशास्त्राचं पुस्तक काय सांगतं? वोल्फगांग स्टोल्पर आणि पॉल सॅम्युएलसन यांनी १९४१मध्ये मांडलं की ज्या देशात मजूर भरपूर, त्याने व्यापार खुला केला की तिथल्या मजुराची मजुरी वाढेल, कारण त्याच्या हातच्या मालाला जगभर मागणी येईल. तिरुपूरच्या शिलाई कामगाराला हे काही अंशी लागू पडलं. २००५च्या १ जानेवारीला कापड निर्यातीचे कोटे संपले, तेव्हा तिथे खरोखर काम वाढलं. पण पेटिया टोपालोवा या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९१नंतरच्या भारतातले जिल्हे तपासले, तेव्हा दिसलं की ज्या ग्रामीण जिल्ह्यांतल्या पिकांवरचं आणि उद्योगांवरचं शुल्क जास्त उतरलं, तिथे गरिबी इतरांपेक्षा हळू कमी झाली. कारण साधं होतं: माणसं जागची हलली नाहीत. काम गेलं म्हणून यवतमाळचा मजूर उद्या तिरुपूरला जाऊन मशीनवर बसत नाही. वावर, म्हातारी आई, लेकराची शाळा, भाषा, सगळं सोडून जाणार कसा? अमेरिकेतही चिनी मालाने ज्या गावांतले कारखाने बंद पाडले, तिथली माणसं वर्षानुवर्षं तिथेच बेकार राहिली, असं डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये दाखवलं. पुढे त्याच रागावर तिकडे मतं मागितली गेली, आणि तोच राग शुल्क होऊन तिरुपूरमार्गे आमच्या वावरापर्यंत आला.

आता वेचणाऱ्या बाईबद्दल बोलतो, कारण या सगळ्या चर्चेत तिचं नाव कुणी घेत नाही. कापसाची वेचणी किलोवर असते. अलीकडे आमच्याकडे आठ-दहा रुपये, मजूर मिळेनासे झाले की जास्त. सकाळचं दव असताना सुरुवात, कमरेला ओटी बांधलेली, बोटांना बोंडाच्या वाळल्या पाकळ्यांचे ओरखडे. पहिल्या भर वेच्यात तीस-चाळीस किलो होतात, शेवटच्या वेच्यात दिवसभर फिरून पंधरा-वीस. न्यूयॉर्कला भाव दुप्पट झाला म्हणून तिचा दर दुप्पट होत नाही. तिचा दर ठरतो तो सोयाबीनची कापणी त्याच आठवड्यात आली का, पाऊस आला का, बाहेरगावचे मजूर आले का, यावर. म्हणजे तेजीत तिचा वाटा नाही. मंदीत मात्र आहे: भाव पडला की कास्तकार शेवटचा वेचा सोडून देतो, पऱ्हाटी उपटतो, आणि तिचे महिनाभराचे दिवस जातात. कास्तकाराचंही खोटं नाही. सत्तर रुपये किलोच्या कापसात दहा रुपये वेचणीलाच गेले तर सातवा हिस्सा गेला. टेक्सासमध्ये हेच काम यंत्र करतं आणि वर सरकारी मदत मिळते. त्या मदतीविरुद्ध ब्राझीलने २००२मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, जिंकला, आणि शेवटी २०१४मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या शेतकऱ्यांसाठी तीस कोटी डॉलर देऊन तो मिटवला. आपण असा दावा लावला नाही. ब्राझीलने मात्र त्या खटल्याच्या बारा वर्षांत जगाला कापूस विकायची तयारीही केली.

एका साध्या टी-शर्टला दोनशे ग्रॅमच्या आसपास रुई लागते, म्हणजे सहाशे ग्रॅमपर्यंत कापूस. किलोला पंचाहत्तर रुपये धरले तर कास्तकाराच्या हातात पंचेचाळीस, त्यातून वेचणारीला सहा. तोच टी-शर्ट अमेरिकेत वीस डॉलरला विकला तर झाले सतराशे चाळीस रुपये. पन्नास टक्के शुल्क या सतराशे चाळिसावर नाही, बंदरातल्या भावावर लागायचं, तरी ते वेचणारीच्या सहा रुपयांच्या कित्येक पट असायचं. आणि ते कुणी सोसायचं यावरून जेव्हा भांडण लागतं, तेव्हा सगळ्यात कमी वाटा असलेल्याकडेच सगळे वळून बघतात.

इचलकरंजीला माझे एक नातेवाईक आहेत, खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, साचे म्हणजे माग यांचे, विणल्या कापडाची मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. मी विचारलं, कापूस उतरला म्हणजे तुमचं बरं झालं असेल? हसले. सूत उतरलं तसं कापडही उतरलं, मधला फरक व्यापाऱ्याकडे, आणि मजुरी गेल्या वेळची तीच. साच्यावरच्या कामगाराला ते वाढवून कुठून देणार? म्हणजे विदर्भात जे गेलं ते इचलकरंजीत कामगाराच्या हाती पोचलंच नाही. वाटेत कुठे थांबलं, ते ज्याला थांबता येतं त्याला विचारा.

माझं मागणं मोठं नाही. हमीभाव मे महिन्यात जाहीर होतो आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवून माणूस मृगात सरकी टोबतो. त्याच दिवशी पुढच्या वर्षभराचं आयात शुल्कही जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नका. अगदीच लावावा लागला, तर हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक कास्तकाराच्या खात्यात टाका, मक्त्याने करणाऱ्याच्याही. सीसीआयच्या केंद्राजवळ कापूस ठेवून त्यावर उचल देणारी गोदामं प्रत्येक तालुक्याला हवीत. लहान माणसाला दोन महिने थांबता आलं तर निम्मं भांडण मिटेल. पुढच्या वेळी तुमचा खासदार कापसाच्या भावावर भाषण करायला उभा राहिला, तर त्याला एवढंच विचारा: १९ ऑगस्ट २०२५ला शुल्क निघालं तेव्हा तुम्ही लोकसभेत किंवा बाहेर काय बोललात, आणि कोणत्या तारखेला?